वकिली बिलावरील हरकत (मुंबई उपनगर)

वकिली बिलावरील हरकत : वकिलाने किंवा सॉलिसिटरने आकारलेली रक्कम अवाजवी वाटल्यास अशिलाला दाद मागण्याचे मार्ग. वकील अधिनियमातील 1976 च्या दुरुस्तीनंतर ॲटर्नी (सॉलिसिटर) हा स्वतंत्र वर्ग उरला नाही. मुंबईत सॉलिसिटर ही ओळख मात्र बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेमुळे टिकली. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत खर्चाची बिले टॅक्सिंग मास्टर हा अधिकारी तपासतो.

अंधेरी, बोरिवली वा मुलुंडच्या अशिलाने प्रथम तपशीलवार हिशेब लेखी मागावा. ड्राफ्टिंग, कोर्ट फी, स्टॅम्प आणि हजेरी या रकमा वेगळ्या हव्यात. हजेरीच्या तारखा न्यायालयाच्या रोजनाम्याशी ताडून पाहाव्यात : वकील गैरहजर असलेल्या तारखेची फी बिलात असेल, तर तोच हरकतीचा ठोस मुद्दा ठरतो. मागणी केल्यास नक्कलखर्च घेऊन हिशेबाची प्रत देणे वकिलावर बंधनकारक आहे.

थकीत फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत (आर. डी. सक्सेना खटला, 2000). दाव्यातून मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणे बेकायदा आहे (बी. सुनीता खटला, 2017). गैरवर्तन असल्यास वकील अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार होते. फीच्या रकमेचा निव्वळ वाद मात्र दिवाणी न्यायालयात जातो. 14 मे 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग बंद झाला. म्हणूनच वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी फी लेखी ठरवणे आणि प्रत्येक पावती जपणे, हेच अशिलाचे खरे संरक्षण होय.