आओस्ता खोऱ्यातील किल्ले

आओस्ता खोऱ्यातील किल्ले हा इटलीच्या वायव्य टोकाला आल्प्स पर्वतरांगेत वसलेल्या आओस्ता खोऱ्यामधील मध्ययुगीन व उत्तरकालीन किल्ले, गढ्या आणि टेहळणी मनोरे यांचा समूह आहे. दोरा बाल्तेआ नदीच्या दोन्ही काठांवर आणि तिला मिळणाऱ्या उपनद्यांच्या तोंडाशी हे बांधकाम विखुरलेले आहे. त्यांपैकी काहींचे केवळ भग्नावशेष उरले असून बार्द, वेरेस, इसोन्य, फेनिस, सार, एमाविल इत्यादी किल्ले पर्यटकांसाठी खुले आहेत. लष्करी ठाणे, सरदारी निवासस्थान, राजाचे शिकारगृह आणि आजचे संग्रहालय असा युरोपीय किल्ल्याचा संपूर्ण प्रवास या एकाच खोऱ्यात क्रमाने पाहता येतो.

भौगोलिक स्थान

आओस्ता खोरे हा इटलीचा क्षेत्रफळाने सर्वांत लहान प्रांत आहे. १९४८ पासून त्याला स्वायत्त दर्जा असून इटालियन व फ्रेंच या येथील अधिकृत भाषा आहेत. त्यामुळे किल्ल्यांची नावे बहुतांशी फ्रेंच धाटणीची आहेत. खोऱ्याच्या पश्चिमेला फ्रान्स आणि उत्तरेला स्वित्झर्लंड आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड (उंची २,४६९ मीटर) आणि लिटल सेंट बर्नार्ड (२,१८८ मीटर) या दोन खिंडींतून येणारे मार्ग आओस्ता शहरापाशी एकत्र येतात व नदीच्या काठाने इव्रेआकडे, म्हणजे पो नदीच्या मैदानात उतरतात.

या मार्गाचे महत्त्व रोमन लोकांनी ओळखले होते. स्थानिक सालासी जमातीचा पराभव करून त्यांनी इ.स.पू. २५ मध्ये आजच्या आओस्ता शहराची स्थापना केली. दोन्नास येथे खडक फोडून केलेला रोमन रस्ता व त्यावरील दगडी कमान अद्याप पाहावयास मिळते. मध्ययुगात रोमला जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी याच वाटेने जात. खोरे अनेक ठिकाणी इतके अरुंद आहे की, एका कड्यावर ठाणे बसविले की संपूर्ण वाहतूक रोखता येई. येथे किल्ल्यांची एवढी दाटी होण्याचे मुख्य कारण हेच होय.

इतिहास

आरंभीचे किल्ले साधे होते. उंच खडकावर एक चौकोनी दगडी मनोरा, त्याभोवती तट आणि तटाच्या आत छोटे प्रार्थनामंदिर एवढेच त्यांचे स्वरूप असे. येथील सरदारांचे उत्पन्न शेतीबरोबरच जकातीवरही अवलंबून होते. या जकातीचा जाच कसा होत असे, याचे उदाहरण बार्द येथे सापडते. तेथील सरदार उगो व्यापाऱ्यांकडून जबर वसुली करीत असे. अखेरीस १२४२ मध्ये साव्हॉय घराण्याच्या चौथ्या आमेदेओने बार्द जिंकून घेतले आणि ते ठाणे थेट आपल्या ताब्यात ठेवले.

साव्हॉय घराण्याने या खोऱ्यात आपली सत्ता हळूहळू दृढ केली. पहिल्या तोमासोने ११९१ मध्ये आओस्ता शहराला हक्कांची सनद दिली होती. स्थानिक सरदारांत शाल्लां घराणे सर्वांत बलाढ्य होते. १२९५ मध्ये या घराण्यातील एबाल याने आओस्ताचे उपकाउंट हे पद साव्हॉयच्या स्वाधीन केले आणि त्याच्या बदल्यात मोंजोव्हेचा किल्ला घेतला. पुढील दोन शतकांत फेनिस, वेरेस, उसेल, एमाविल, इसोन्य अशा अनेक वास्तू या घराण्याच्या शाखांनी बांधल्या किंवा वाढविल्या.

तोफांचा वापर वाढल्यावर उंच भिंतींचे संरक्षणमूल्य घटले. १६६१ मध्ये वेरेस, मोंजोव्हे आणि अन्य ठाण्यांमधील शस्त्रसामग्री बार्द येथे हलविण्यात आली. यानंतर बार्द वगळता इतर किल्ल्यांना लष्करी प्रयोजन उरले नाही. त्यांतील काही ओसाड पडले, तर काहींचा वापर शेतीसाठी होऊ लागला.

प्रमुख किल्ले

बार्द

खोऱ्याच्या प्रवेशाजवळील अरुंद घळीत, नदीच्या वळणावर उभ्या असलेल्या कड्यावर हा दुर्ग आहे. मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे ४०,००० सैनिकांचे राखीव सैन्य ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडून खाली उतरले, तेव्हा बार्दमधील सुमारे ४०० जणांच्या ऑस्ट्रियन शिबंदीने त्याला सुमारे दोन आठवडे अडवून धरले. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातील एकमेव रस्ता तोफांच्या माऱ्यात होता. चाकांचा आवाज होऊ नये म्हणून फ्रेंचांनी तोफगाड्यांना गवत गुंडाळले आणि त्या रात्रीच्या अंधारात गावातून पुढे नेल्या. शिबंदीने १ जून रोजी शरणागती पत्करली. यानंतर नेपोलियनच्या आज्ञेवरून हा किल्ला जमीनदोस्त करण्यात आला. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेला स्तांदाल या सैन्याबरोबर होता. बार्द येथील आपल्या पहिल्या युद्धानुभवाविषयी त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

सध्याचा दुर्ग सार्दिनियाच्या राज्याने १८३० ते १८३८ या काळात नव्याने बांधला. कड्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर एकावर एक अशा मुख्य वास्तू असून एक पडली तरी वरची लढू शकेल, अशी ही रचना आहे. या दुर्गावर पुन्हा हल्ला झालाच नाही. त्याचा उपयोग तुरुंग व दारूगोळ्याचे कोठार म्हणून होत राहिला. दुरुस्तीनंतर २००६ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. येथे आल्प्स पर्वताविषयीचे संग्रहालय आहे. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’ या चित्रपटातही हा दुर्ग दिसतो.

वेरेस

एका उपखोऱ्याच्या तोंडाशी खडकावर उभी असलेली ही वास्तू इब्ले द शाल्लां याने बांधली; तिचे काम १३९० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ३० मीटर बाजू असलेला हा एकच घनाकृती दगडी ठोकळा असून त्याला बुरूज नाहीत. आतील चौकाभोवती कमानींवर तोललेला भव्य जिना आहे. १५३६ मध्ये रने द शाल्लां याने तोफांना अनुकूल अशी बाह्य तटबंदी उभारली. १४४९ मध्ये सरदारकन्या कातेरिना किल्ल्यावरून उतरून गावच्या चौकात सामान्य लोकांबरोबर नाचली, असे सांगितले जाते. तिच्या स्मरणार्थ वेरेस येथे दरवर्षी कार्निव्हल साजरा होतो.

इसोन्य

वेरेसच्या समोर, नदीच्या उजव्या काठावर हा प्रासाद आहे. बाहेरून तो साधा दिसतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज द शाल्लां या धर्माधिकाऱ्याने त्याला सध्याचे रूप दिले. अंगणात डाळिंबाच्या झाडाच्या आकाराचे लोखंडी कारंजे आहे. ओवरीतील अर्धवर्तुळाकार भित्तिचित्रांत शिंपी, खाटीक, पाववाला, औषधविक्रेता, भाजीबाजार आणि पहारेकऱ्यांची खोली अशी दैनंदिन जीवनाची दृश्ये रंगविलेली आहेत. राजे किंवा संत यांच्याऐवजी बाजारातील माणसे चित्रित केल्यामुळे त्या काळातील पोशाख, अवजारे व खाद्यपदार्थ यांच्या अभ्यासासाठी ही चित्रे मोलाची ठरतात. भिंतींवर शतकानुशतके पाहुण्यांनी व चाकरांनी कोरलेला मजकूरही येथे जपला आहे.

फेनिस

दुहेरी तट, दंतुर चर्या आणि अनेक बुरूज यांमुळे फेनिस हा खोऱ्यातील सर्वाधिक छायाचित्रित किल्ल्यांपैकी एक आहे. तथापि, तो कड्यावर नसून लहानशा उंचवट्यावर आहे. संरक्षणापेक्षा वैभवाचे दर्शन घडविणे हा त्याच्या बांधणीचा मुख्य हेतू होता. चौदाव्या शतकात एमाँ द शाल्लां याने त्याचा विस्तार केला. अंगणातील अर्धवर्तुळाकार जिन्यावर सेंट जॉर्ज ड्रॅगनचा वध करीत असल्याचे भित्तिचित्र आहे. सज्जांच्या भिंतींवर हाती लेखपट धरलेले ज्ञानी पुरुष व प्रेषित दिसतात. त्या पटांवर जुन्या फ्रेंचमधील नीतिवचने आहेत. ही चित्रे जाकोमो जाक्वेरियो या चित्रकाराच्या परंपरेतील मानली जातात.

अन्य किल्ले

सार येथील किल्ला राजा दुसरा व्हित्तोरियो इमान्युएले याने १८६९ मध्ये शिकारगृह म्हणून विकत घेतला. त्याचे दालन आयबेक्स व शॅमॉय या पहाडी प्राण्यांच्या शिंगांनी सजविलेले आहे. राजाचे शिकारीचे राखीव रान पुढे १९२२ मध्ये ग्रान पारादिसो राष्ट्रीय उद्यान झाले. ग्रेसोने येथे राणी मार्गेरितासाठी १८९९ ते १९०४ या काळात एक हौशी ‘किल्ला’ बांधण्यात आला. त्याला युद्धाशी कोणताही संबंध नव्हता. मध्ययुगीन गोल बुरुजांच्या मधोमध अठराव्या शतकातील शोभिवंत सज्जे असलेला एमाविलचा किल्ला २०२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला.

जतन व पुनर्बांधणी

अठराव्या शतकात फेनिसचा किल्ला विकला गेला आणि तेथे तबेले व धान्याची कोठारे आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाल्लां घराणेच संपुष्टात आले. या वास्तू वाचविण्यास प्रथम पुढे आले ते चित्रकार. व्हित्तोरियो आव्होंदो या चित्रकाराने १८७२ मध्ये इसोन्य विकत घेऊन विखुरलेले जुने सामान शक्य तितके परत जमविले आणि १९०७ मध्ये ती वास्तू राज्याला दान केली. पोर्तुगालमध्ये जन्मलेले चित्रकार-वास्तुविशारद आल्फ्रेदो दान्द्रादे यांनी १८९५ मध्ये फेनिस घेऊन त्याची दुरुस्ती केली आणि पुढे तो राज्याच्या स्वाधीन केला. तत्पूर्वी १८८४ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी तोरिनो शहरात मध्ययुगीन गावाची प्रतिकृती उभारली होती. तिच्यात फेनिसचे अंगण आणि इसोन्यचे डाळिंबाचे कारंजे यांच्या नकला आहेत. उसेलचा किल्ला उद्योगपती मार्सेल बिक यांनी १९८३ मध्ये घेऊन प्रांतिक सरकारला दिला.

सर्वच दुरुस्ती मूळ रूपाशी प्रामाणिक राहिली, असे म्हणता येत नाही. फॅसिस्ट राजवटीत, १९३५ नंतर, फेनिस येथे झालेल्या कामात पुराव्यापेक्षा ‘मध्ययुग कसे दिसावे’ या कल्पनेला अधिक वाव मिळाला आणि तटबंदीचे काही भाग त्या दृष्टीने नव्याने रचले गेले. तेथील लाकडी सामानही मूळचे नसून नंतर आणून मांडलेले आहे. याउलट वेरेस जवळजवळ रिकामा ठेवण्यात आला आहे. जुन्या वास्तूचे रूप परत आणावे की आहे तसे टिकवावे, या वादाच्या दोन्ही बाजू या खोऱ्यात अशा प्रत्यक्ष पाहता येतात.

पर्यटन

बहुतेक प्रमुख किल्ले नदीकाठच्या मुख्य मार्गालगत आहेत. तोरिनोहून येणाऱ्या प्रवाशाला बार्द, वेरेस, इसोन्य, फेनिस, आओस्ता शहर, सार व एमाविल असा क्रम सोयीचा पडतो. ग्रेसोनेसाठी पाँ-सँ-मार्तँ येथून उत्तरेच्या उपखोऱ्यात वळावे लागते. वेरेस व इसोन्य समोरासमोर असल्याने एकाच दिवशी पाहता येतात. चौदाव्या शतकातील लष्करी बांधणी आणि शंभर वर्षांनंतरची निवासी बांधणी यांतील फरक त्यामुळे सहज लक्षात येतो. वेरेसला गावातून चढून जावे लागते, तर बार्दच्या माथ्यापर्यंत जाण्यासाठी काचेच्या लिफ्टची सोय आहे. भेटीच्या वेळा ऋतूनुसार बदलतात.

हेही पहा

आल्प्स
साव्हॉय घराणे
ग्रान पारादिसो राष्ट्रीय उद्यान
ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड