पान्ह्याचा बंदोबस्त

बाळंतिणीच्या खोलीविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले, त्यात बाजेखालची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाराव्या दिवसाचे बारसे यांची वर्णने विपुल आढळतात. परंतु मूल अंगावर पाजणाऱ्या बहुतेक स्त्रियांना पहिले काही आठवडे जी एक अडचण रात्रंदिवस छळते, ती भलत्या वेळी पान्हा फुटून चोळी भिजण्याची अडचण आपल्या आज्या-पणज्या कशी निभावून नेत, हे टिपून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. दफ्तरे पुरुषांनी लिहिली, हे त्याचे एक कारण खरेच. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण असे की, ज्या वस्तूने हे काम भागे ती कधी बाजारात विकली गेली नाही, आणि जिची खरेदी-विक्री नाही तिची नोंद ठेवण्याचा दस्तुर आपल्याकडे नव्हता. ती वस्तू म्हणजे जुनेर.

वर्षानुवर्षे धुऊन विरत आलेल्या सुती लुगड्याचे तुकडे फाडून घरातली वडीलधारी बाई ते बाळंतपणाच्या आधीच गाठोड्यात बांधून ठेवी. त्यातूनच दुपटी निघत, लंगोट निघत, आणि त्यातलीच एखादी चौपदरी घडी चोळीच्या आत जाई. कोऱ्या कापडाला या कामी मज्जाव असे, आणि तो केवळ काटकसरीपायी नव्हता. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचे एक सूक्ष्म आवरण असते, ते पाण्याला सहजासहजी आत शिरू देत नाही; वारंवारच्या धुण्या-उकळण्याने ते निघून जाते, म्हणून कोऱ्या मांजरपाटाहून जुन्या लुगड्याचा तुकडा दूध अधिक तत्परतेने शोषतो, शिवाय हुळहुळ्या झालेल्या कातडीला टोचत नाही. ही मीमांसा त्या बायांना कोणी शिकवली नव्हती. निवड मात्र त्यांनी अचूक केली होती.

पोशाखाचेही साहाय्य होतेच. पुढे गाठ मारावयाची खणाची चोळी पाजण्यासाठी क्षणात मोकळी होई, आणि तिच्यावरून घेतलेला लुगड्याचा रुंद पदर ओल लपवी. त्यातून ज्या घरांना परवडे तेथे बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नसे. तिला पाहणाऱ्या साऱ्या बायकाच, आणि त्यांच्या लेखी भिजलेली चोळी ही संकोचाची नव्हे, समाधानाची बाब होती. चिंता असे ती दूध न येण्याची, त्याला कोणाची दृष्ट लागण्याची.

पान्हा मुळात आईच्या इच्छेचा ताबेदार नाही, हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, किंबहुना नुसत्या स्मरणानेही स्तन्य स्रवू लागते आणि स्नेह हा त्या प्रवाहाचा हेतू होय, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटणारा ऑक्सिटोसिन हा स्राव हे कार्य घडवितो, हे ठरण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो 1953 साली प्रयोगशाळेत तयार केला आणि 1955 चे नोबेल पारितोषिक मिळविले. रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीची आख्यायिका सांगताना आपण तिच्या धैर्याचे गोडवे गातो. परंतु तो कडा उतरताना तिची चोळी कोरडी राहिली असेल, हे कोणत्याही लेकुरवाळीला पटावयाचे नाही.

तेव्हा दूध गळणे जुने. त्याची अडचण वाटू लागली ती आई आणि मूल यांच्यामध्ये तासांचे अंतर पडू लागले तेव्हा. शेतात राबणारी बाई बांधावरच्या झाडाला झोळी बांधून तान्हे जवळ ठेवू शके. मुंबईच्या गिरण्यांत रीळ आणि वाइंडिंग खात्यांत उभ्या राहणाऱ्या बायकांना ती सोय नव्हती. कित्येकींची मुले अफूच्या बाळगोळीने निजवून ठेवलेली असत आणि आईचा पान्हा भोंगा होईतो लुगड्यात जिरत असे. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक नामंजूर झाले. मुंबई कायदेमंडळात 1928 साली अशाच विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा अंमलात आला. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती केली. 1961 च्या प्रसूतिसाहाय्याच्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन जादा सुट्या मिळण्याची तरतूद केली. या तरतुदी कागदावरून प्रत्यक्षात किती उतरल्या, हा निराळ्या आणि कटू प्रकरणाचा विषय होईल.

इकडे पोशाखही बदलत होता. चोळी जाऊन पोलके आले, पोलक्यामागून अंगासरशी ब्लाउज आणि आत ब्रेसियर. पुढे टेरिलिन-नायलॉनची लाट आली, आणि ज्या कापडाला ओल शोषणेच ठाऊक नाही त्यावर दुधाचा डाग कचेरीतल्या चार माणसांसमोर उमटू लागला. मात्र ज्या घट्ट वस्त्राने हा पेच निर्माण केला त्यानेच त्याची तोड सुचविली, कारण दूध शोषणारी गोल चकती जागेवर धरून ठेवणारे काही हाती आल्यावाचून चकतीचा जन्म होणे शक्य नव्हते. युरोपात याआधी काचेच्या वाट्या वापरल्या जात; एकोणिसाव्या शतकात शिशाच्या टोप्याही विकल्या गेल्या आणि त्यांपायी अर्भकांना विषबाधा झाली. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी कापसाऐवजी लाकडाच्या लगद्याची घडी वापरात आली आणि युद्ध सरताच, 1920 पासून, अमेरिकेत तिच्यापासून स्त्रियांच्या मासिक पाळीच्या घड्या निघाल्या. फेकून देण्याच्या स्तन-पॅडचे कूळ तेच. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरणारी पावडर अमेरिकेच्या शेतीखात्याच्या संशोधकांनी 1960 च्या दशकात स्टार्चपासून काढली. आजच्या पातळ पॅडमध्ये त्या जातीची द्रव्ये असतात.

आज औषधांच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या नव्या आईपुढे निवड आहे ती साधारणतः तीन वाणांची: धुऊन वापरावयाचे सुती, एकदाच वापरून टाकावयाचे कागदी, आणि काहीच न शोषता केवळ दाबाने गळती थोपविणारे सिलिकोनचे. मला स्वतःला पाठीला प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या पॅडविषयी फारसा आदर नाही. वस्त्र कोरडे राखण्याच्या नादात ते ओल कातडीशीच कोंडतात, आणि ओल कोंडली की कातडी चिरते, बुरशी धरते. प्रवासाला, कचेरीला, लग्नकार्याला ते खुशाल वापरावे, फक्त भिजताच बदलावे. घरी मात्र मऊ सुताची जाड घडी, दिवसातून चार-सहा वेळा बदललेली आणि उन्हात कडकडीत वाळवलेली, अजूनही सरस ठरते. पॅड जवळ नसता चारचौघांत पान्हा दाटून आलाच, तर हाताची घडी घालून तळवे छातीवर मिनिटभर घट्ट दाबून धरावेत. धार बहुधा थांबते. दीड-दोन महिन्यांत शरीर मुलाच्या भुकेचा अंदाज घेते आणि बहुतेकींची गळती आपोआप कमी होते, म्हणून दुकानदार कितीही आग्रह करो, मोठा खोका पहिल्याच दिवशी घेऊ नये.