विद्यापीठाचें दप्तर कोणाच्या हातीं?

विद्यापीठ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, ग्रंथालय, व्याख्यानगृहें आणि पदवीदानाचे झगे येतात. परंतु या सर्वांच्या मागें जें एक खातें मुकाट्यानें चालत असतें, त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. कोणता विद्यार्थी केव्हां दाखल झाला, त्यानें कोणते विषय घेतले, कोणत्या परीक्षेंत त्याला किती गुण मिळाले आणि कोणत्या सालीं तो पदवीधर झाला, याची नोंद ठेवणारें तें खातें होय. पूर्वीं हें काम वह्यांत चाले. आज तें संगणकांत चालतें. वहीच्या जागीं संगणक आला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण वही सांभाळणाऱ्या माणसाच्या जागीं कोण आला, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आजच्या भाषणांत मी त्याच प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगणार आहें.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं कायद्यानें अस्तित्वांत आलें. त्याची घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर झाली होती. शिकविण्याचें काम महाविद्यालयांनीं करावें आणि विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदव्या द्याव्या, अशी ती वांटणी होती. म्हणजे त्या काळचें विद्यापीठ हें मुख्यत्वेंकरून परीक्षा घेणारें व नोंद ठेवणारें एक कार्यालयच होतें. १८५९ सालीं मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें १८६२ सालीं बी. ए. चे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे अवघे चौघे. चार नांवांची यादी ठेवावयास मोठी यंत्रणा ती काय लागणार? एक वही, एक दौत आणि एक विश्वासू कारकून एवढ्यावर काम भागतें.

परंतु हें फार दिवस टिकणारें नव्हतें. विद्यापीठाचा अंमल सिंधमधील कराचीपासून कर्नाटकांतील धारवाडपर्यंत पसरला होता, आणि मॅट्रिकची परीक्षाहि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत विद्यापीठाच्याच हातीं होती. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, तोंपर्यंत नोंदींचा पसारा वाढूं लागला होता. त्या पसाऱ्याला वळण लावलें तें रजिस्ट्रारच्या कचेरीनें. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसे, बैठकीचा क्रमांक असे. एकानें गुण द्यावे, दुसऱ्यानें बेरीज ताडून पाहावी, तक्ते तयार व्हावे, त्यांवर सह्या व्हाव्या आणि मग निकाल वर्तमानपत्रांत छापून यावा, असा तो क्रम होता. प्रत्येक पायरीवर एक माणूस आणि प्रत्येक माणसाची एक सही. आमच्या रायगड जिल्ह्यांत महाडजवळील नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकमध्यें पहिले आले, तें जगास कळलें तें अशाच नोंदीवरून. तेच चिंतामणराव पुढें १९५६ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. ती फार संथ होती. पालीपासून मुंबई शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. नांवांतील एक अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठीं सुधागडच्या मुलानें एवढी खेप घालावी आणि खिडकीवर ‘उद्यां या’ एवढें ऐकून परतावें, हें त्या काळीं नवलाचें नव्हतें. परंतु ती खिडकी कोठें आहे आणि तिच्यामागें कोण बसला आहे, हें त्या मुलाला ठाऊक असे. राग काढावयाचा तर कोणावर, हें तरी निश्चित होतें.

आतां संगणकाकडे वळूं. विद्यापीठांत संगणक आला तो प्रथम दप्तर सांभाळण्यासाठीं आला नाहीं. तो गणितें सोडविण्यासाठीं आला. केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं बांधलेलें ‘एडसॅक’ हें यंत्र मे १९४९ मध्यें चालूं झालें, आणि लौकरच तेथील संशोधकांना तें वापरावयास मिळूं लागलें. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बांधलेलें ‘टिफरॅक’ १९६० सालीं कामास लागलें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हें मोठें यंत्र आलें, व त्याचा लाभ इतर संस्थांतील संशोधकांनाहि मिळे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें सोव्हिएत संघाकडून ‘मिन्स्क’ यंत्र आलें.

यंत्र एक आणि मागणारे अनेक, अशी स्थिति असल्यामुळें ‘संगणक केंद्र’ नांवाचें स्वतंत्र खातें निर्माण झालें. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन संशोधकानें खिडकीशीं जावें, पाळी आली म्हणजे यंत्रचालकानें तो गठ्ठा यंत्रांत घालावा आणि छापील उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशीं हातीं पडावें. एक छिद्र चुकलें तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ. यंत्र नवें होतें, पण व्यवस्था रजिस्ट्रारच्या कचेरीसारखीच होती. एक खोली, एक खिडकी, आणि खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो जबाबदार.

ही शिस्त मोडली ती १९८० नंतर, टेबलावर मावणारे लहान संगणक आले तेव्हां. मग परीक्षा विभागानें आपला संगणक घेतला, शुल्क घेणाऱ्यांनीं आपला घेतला, ग्रंथालयानें तिसरा घेतला. प्रत्येकाची यादी निराळी. ‘वैद्य’ हें साधें आडनांव इंग्रजी लिपींत तीन तऱ्हांनीं लिहितां येतें. तेव्हां एकच विद्यार्थी तीन याद्यांत तीन माणसें होऊन बसावा, यांत आश्चर्य नाहीं. हा रोग केवळ आपल्याकडचाच होता असें नव्हे. केंब्रिजसारख्या विद्यापीठांतहि संशोधकांची संगणक-सेवा आणि कारभाराची माहिती-सेवा हीं दोन निराळीं खातीं होतीं. तीं २०१४ सालीं एकत्र करून एकच माहिती-सेवा खातें करण्यांत आलें.

दरम्यान यंत्रांना परस्परांशीं बोलतें करण्याचा उद्योग सुरू झाला होता. १९८६ सालीं ‘अर्नेट’ नांवाची योजना निघाली. पांच आय. आय. टी., बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे तिचे पहिले भागीदार. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे विद्वानांच्या घरीं हें पाणी कांहीं वर्षें आधीं पोंचलें होतें. चिंतामणराव ज्याचे अध्यक्ष होते त्याच अनुदान आयोगानें १९९१ सालीं विद्यापीठांचीं ग्रंथालयें जोडण्यासाठीं ‘इन्फ्लिबनेट’ काढलें. २०१० सालीं राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळून देशभरच्या उच्च शिक्षण संस्था वेगवान तारांनीं जोडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. महाराष्ट्रांत २००१ सालीं सरकार व विद्यापीठें यांच्या भागीदारीनें ‘महाराष्ट्र ज्ञान महामंडळ’ स्थापन झालें. या महामंडळाच्या प्रणालींतून विद्यार्थ्याला एक कायमचा नोंदणी क्रमांक मिळूं लागला; विद्यार्थी त्याला ‘पीआरएन’ म्हणतात. तीन याद्यांतील तीन ‘वैद्य’ पुन्हां एक होण्याचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला.

आज एखाद्या विद्यापीठाची माहिती-सेवा उकलून पाहिली तर तिचे चार थर दिसतात. सर्वांत खालीं तारा आणि जोडण्या. त्यांवर माहिती सांठविणारीं यंत्रें, ज्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांवर प्रवेश, शुल्क, परीक्षा व ग्रंथालय यांच्या निरनिराळ्या प्रणाली. आणि सर्वांत वर, अडलेल्या माणसाला मदत करणारीं माणसें. या चारी थरांचा धनी एकच असतो असें मात्र नाहीं. तारा सरकारी जाळ्याच्या, यंत्रें भाड्याचीं, एक प्रणाली महामंडळाची, दुसरी ठेकेदाराची, असें होऊं शकतें. घर आपलें, पण भिंती एकाच्या, छप्पर दुसऱ्याचें आणि कुलूप तिसऱ्याचें, अशांतला हा प्रकार आहे.

कायदा काय म्हणतो तें पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अंमलांत आला. त्यानें कुलसचिवास, म्हणजे जुन्या रजिस्ट्रारास, विद्यापीठाच्या अभिलेखांचा व मोहोरेचा रक्षक ठरविलें आहे. परीक्षांसाठीं निराळें मंडळ व निराळा संचालक आहे. शिवाय ‘माहिती तंत्रज्ञान मंडळ’ हें विद्यापीठाचें एक प्राधिकरण म्हणून त्यांत नमूद झालें आहे. परीक्षेचा निकाल शक्यतों तीस दिवसांत आणि कोणत्याहि परिस्थितींत पंचेचाळीस दिवसांत लावला पाहिजे, असेंहि हा अधिनियम सांगतो. कागदावर व्यवस्था चोख होती.

आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत ती कसोटीला लागली. मुंबई विद्यापीठानें सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचें ठरविलें. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा यंत्रानें टिपावयाच्या, प्राध्यापकांनीं आपापल्या केंद्रांत बसून त्या संगणकावर तपासावयाच्या आणि बेरीज यंत्रानें करावयाची. कल्पना वाईट नव्हती; बेरजेच्या चुका आणि उत्तरपत्रिकांची ने-आण दोन्ही तिनें टळणार होत्या. परंतु प्रतिमा घेण्यास विलंब लागला, प्राध्यापकांना नव्या रीतीची संवय नव्हती, आणि कित्येक उत्तरपत्रिकांचा मेळ लागेना. कुलपति या नात्यानें राज्यपालांनीं ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीहि उलटली. इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. विद्यार्थी उच्च न्यायालयांत गेले. शेवटचे निकाल लागले तेव्हां सप्टेंबर उजाडला होता. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें.

या घटनेंत यंत्र बिघडलें, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. यंत्रानें आपलें काम पुष्कळसें केलें असेल. परंतु प्रतिमा टिपणारा एक, प्रणाली चालविणारा दुसरा, तपासणारे हजारों, आणि निकालावर सही करणारा तिसराच. या साऱ्यांना जोडणारा माणूस कोणता, हें विद्यार्थ्याला कळेना. मुंबई विद्यापीठाचें क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. आमच्या पालीचें शेठ ज. नौ. पालीवाला महाविद्यालयहि त्यांत येतें. अशा गांवच्या मुलानें बी. कॉम. ची परीक्षा दिली आणि पुढील प्रवेशाची मुदत डोळ्यांदेखत निघून गेली, तर त्याच्या आयुष्याचें एक वर्ष गेलें. ज्या घरांत मुलाच्या पहिल्या पगाराकडे डोळे लागलेले असतात, त्या घराला एका वर्षाची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं.

तेव्हांपासून पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. गुणपत्रिका ‘डिजिलॉकर’मध्यें मिळूं लागल्या, २०२१ सालापासून विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणारी एक राष्ट्रीय पेढीहि सुरू झाली, शिक्षण मंत्रालयाची ‘समर्थ’ प्रणाली अनेक विद्यापीठें वापरीत आहेत. पालीच्या मुलाला आतां मुंबईची खेप सहसा पडत नाहीं. ही लहान गोष्ट नव्हे. वह्यांच्या काळांतील कारकुनांना हें स्वप्नांतहि दिसलें नसतें.

तरीपण जुन्या कचेरीकडून तीन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, प्रत्येक नोंदीला एक धनी असावा. यंत्र कोणाचेंहि असो, नोंद विद्यापीठाची आहे आणि ठेकेदार बदलला तरी ती विद्यापीठाच्या हातींच राहिली पाहिजे. दुसरा सहीचा. आजचा पासवर्ड हीच आजची सही आहे. सोयीसाठीं आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हातीं देणारा प्राध्यापक कोऱ्या कागदावर सही करून देतो, हें त्यानें ओळखावें. तिसरा धडा खिडकीचा. कितीहि प्रणाली आल्या तरी प्रत्येक महाविद्यालयांत एक खिडकी अशी असावी, कीं जेथें विद्यार्थ्यानें ‘माझा निकाल कोठें अडला आहे?’ असें विचारावें आणि ज्याला नांव व हुद्दा आहे अशा माणसानें त्याला उत्तर द्यावें.

१८६२ सालीं चार पदवीधरांची नोंद ज्या कारकुनानें केली, त्याला आपल्या वहींतील प्रत्येक ओळीचा जाब देतां आला असता. आज ओळी लाखांनीं वाढल्या आहेत आणि वही दिसेनाशी झाली आहे. जाब देणारा माणूस मात्र दिसेनासा होतां कामा नये. माहिती तंत्रज्ञान मंडळावर बसणाऱ्या विद्वानांनीं नवें यंत्र घेण्याआधीं एवढी एक गोष्ट ठरवावी, आणि घरांत विद्यापीठाचा विद्यार्थी असलेल्या प्रत्येक पालकानें ती विचारावी, इतकेंच माझें सांगणें आहे.