कुकुच्का, येझी

(२४ मार्च १९४८–२४ ऑक्टोबर १९८९). पोलिश गिर्यारोहक. जन्म कातोवित्से येथे. ८,००० मीटरहून उंच अशी चौदाही शिखरे सर करणारे, इटालियन गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नर यांच्यानंतरचे दुसरे आरोहक (१९७९–८७). दहा शिखरांवर ते नव्या वाटेने चढले, चारांवर ऐन हिवाळ्यात. केवळ क्रमांकावरून त्यांची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल.

साम्यवादी पोलंडमध्ये आरोहकांना धनिक पुरस्कर्ते मिळत नसत. परकीय चलन तर दुर्मिळच. त्यामुळे कातोवित्सेचे आरोहक कारखान्यांची उंच धुराडी रंगवून मोहिमांसाठी पैसा उभा करीत. परांची न बांधता, दोराला लटकत, रंगाचा हात मारत ते वरून खाली येत. डोंगरावरचे दोरकामच इथे रोजगार झाले.

शिखरावरून उतरताना मात्र थकवा आणि विरळ हवा घात करतात. जुलै १९८६ मध्ये के-२ च्या दक्षिण कड्याने कुकुच्का व तादेउश प्योत्रोव्स्की शिखरावर पोहोचले. उतरताना प्योत्रोव्स्कींच्या दोन्ही बुटांचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, निसटले आणि ते कोसळून मरण पावले. तीन वर्षांनी ल्होत्सेच्या दक्षिण कड्यावर कुकुच्का घसरले. काठमांडूत विकत घेतलेला जुना, बारीक दोर तुटून त्यांचा मृत्यू झाला.