सातारा-सांगलीतील दारूबंदी आणि रस्त्यावरची तपासणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दारूला आवर घालण्याचे काम गावातून सुरू झाले. वाहन चालवणाऱ्यापर्यंत ते फार उशिरा पोचले. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा अंमल ज्या मुलखात बसला, तो बराचसा आजच्या या दोन जिल्ह्यांचा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. न्यायदान मंडळे आणि कमी खर्चाची लग्ने यांबरोबर दारूबंदी हाही प्रतिसरकारच्या कार्यक्रमाचा भाग होता. इंग्रजांच्या सरकारला अबकारी करातून उत्पन्न मिळत होते, त्यामुळे गुत्ता बंद पाडणे हे घर वाचवण्याचे काम होते, तसेच परक्या सत्तेच्या तिजोरीवरचा तो घावही होता.

स्वातंत्र्यानंतर हीच भूमिका सरकारने घेतली. मुंबई दारूबंदी कायदा 1949 मध्ये झाला आणि 6 एप्रिल 1950 पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. या कायद्याने पिणेच गुन्हा ठरवले, पण गुन्हा सिद्ध करणे अवघड होते. तोंडाला वास आला तरी औषधी आसव घेतल्याचा बचाव आरोपीला करता येई. म्हणून 1959 च्या दुरुस्तीने वैद्यकीय तपासणी आणि रक्तपरीक्षेची तरतूद केली. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क आढळला, तर आपण औषधच घेतले होते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण अशा रीतीने महाराष्ट्राच्या कायद्यात आले ते पिणाऱ्याला पकडण्यासाठी; वाहनाचा त्यात विचार नव्हता.

मोटारींचा कायदा तेव्हा वेगळ्याच वाटेने चालला होता. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानुसार, नशेमुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही अशी चालकाची अवस्था असेल तरच गुन्हा होई. मोटारी मोजक्या होत्या तोवर एवढ्यावर भागले. पुढे ट्रक, एस.टी. आणि दुचाकींनी रस्ते भरले. 1988 च्या कायद्याच्या कलम 185 ने रक्तातील मद्यार्काचे कितीही अल्प प्रमाण गुन्हा मानले. 1994 च्या दुरुस्तीने मर्यादा ठरवून दिली: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क. श्वास तपासणाऱ्या यंत्राची नोंदही त्याच दुरुस्तीने ग्राह्य झाली. तोपर्यंत संपूर्ण दारूबंदी मागे पडली होती. साठच्या दशकात परवाने सैल झाले आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची चौकट घालून दिली.

गावोगावचा लढा मात्र थांबला नाही, आणि या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाबरोबर व्यसनमुक्तीचेही काम उभे केले. बंडातात्या कराडकर यांच्या व्यसनमुक्त युवक संघाने वारकरी परंपरेच्या आधाराने तरुणांना संघटित केले. मतदानाने दुकान बंद करण्याची वाट सरकारी आदेशाने मोकळी झाली होती. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. जावळी तालुक्यातल्या स्त्रियांनी या हक्काचा निर्धाराने वापर केला. नवऱ्याचा, दीराचा आणि दुकानदाराचा रोष पत्करून केलेले हे मतदान होते.

या यशाची एक बाजू रस्त्यावर दिसते. गावचे दुकान बंद झाले की पिणारा शेजारच्या तालुक्यात जातो आणि परत येताना दुचाकीवर असतो. म्हणजे गावातली बंदी जितकी कडक, तितकी रस्त्यावरच्या तपासणीची गरज वाढते. महामार्गांलगतच्या दुकानांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 15 डिसेंबर 2016 च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत 1 एप्रिल 2017 पासून विक्रीला मनाई झाली. पुढे 20 हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर 220 मीटरवर आले आणि शहरांच्या हद्दीतही सवलत मिळाली.

सणांच्या दिवसांत ताण सर्वाधिक असतो. गणेश विसर्जनाला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने दुकाने बंद राहतात. आषाढी अमावास्येला, श्रावण लागण्याआधी, खाणेपिणे जोरात चालते. डिसेंबरअखेरीस महाबळेश्वर, पाचगणी आणि कासकडे गर्दी लोटते. पसरणी आणि यवतेश्वरचे घाट रात्रभर वाहते असतात. त्याच काळात 24, 25 आणि 31 डिसेंबरला परमिट रूम पहाटे 5 पर्यंत उघडे ठेवण्याची मुभा सरकार देत आले आहे. एका खात्याने वेळ वाढवायची आणि दुसऱ्याने नाक्यावर यंत्र घेऊन उभे राहायचे, ही विसंगती गंभीर आहे. घाटातल्या वळणावर तिची किंमत समोरून येणाऱ्या निर्दोष कुटुंबालाही मोजावी लागू शकते.

नाक्यावर गणवेशातला पोलीस संशयित चालकाला यंत्रात फुंकायला सांगतो. मर्यादा ओलांडलेली दिसली तर विनावॉरंट अटक करता येते. अटकेपासून 2 तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर चालकाला सोडावे लागते. हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही, प्रकरण न्यायालयात जाते. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 15 हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घाट उतरण्याऐवजी रात्री मुक्कामीच राहणे किंवा न प्यायलेल्या माणसाच्या हाती गाडी देणे, हे दोन मार्ग कोणत्याही तपासणीपेक्षा खात्रीचे आहेत.