मैदान कोणाचे?



आमचे सारे आयुष्य कामगार-चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. इतिहास शिकलो तो सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावरील सभांत. असा मनुष्य अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघावर बोलायला उभा राहतो, याचे कित्येकांना नवल वाटेल. म्हणून आरंभी आमच्या अनुभवातली एक लहानशी गोष्ट सांगतो.

एका कारखान्यात चौदा बायका कामाला होत्या. कपडे बदलायला खोली नव्हती. मागणी घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "अहो, बायका चौदाच. चौदा जणींसाठी खोली कुठे बांधता? आणखी आल्या म्हणजे बघू." बाहेर आल्यावर त्यांतली एक वयस्क बाई आम्हांला म्हणाली, "दादा, खोली नाही म्हणून तर बाकीच्या येत नाहीत!" सारे अर्थशास्त्र तिने एका वाक्यात सांगितले. आज ज्या संघाची हकीकत सांगायची आहे, तिचे मर्म त्याच वाक्यात आहे. मुली खेळत नाहीत म्हणून मैदान नाही, आणि मैदान नाही म्हणून मुली खेळत नाहीत. हे चक्र कोणी व कसे फोडले, एवढाच आमचा विषय.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. या खेळाची जन्मभूमी इंग्लंड. म्हणून थोडे मागे जाऊन तेथून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावच्या डिक, कर या कारखान्यातील कामगार मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला सुमारे 53,000 माणसे जमली. पुढे एक वर्षही पुरते लोटले नाही, तोच 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की, संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, हे कारण दिले गेले. यातील मेख पाहा. खेळण्यास मनाई नव्हती. मनाई मैदानाची होती! कामगाराला भाषणस्वातंत्र्य द्यावे आणि सभेला जागा मात्र देऊ नये, तशातला हा प्रकार. ती बंदी पुढे सुमारे पन्नास वर्षे टिकली.

आता अमेरिकेकडे वळू. नॉर्थ कॅरोलिना राज्यात चॅपल हिल नावाचे गाव आहे. तेथील राज्य विद्यापीठाचे दरवाजे विद्यार्थ्यांसाठी 1795 साली उघडले. विद्यार्थिनींसाठी उघडले ते 1897 साली. म्हणजे मध्ये एक शतक व वर दोन वर्षे. याच विद्यापीठात 1935 साली फेट्झर फील्ड नावाचे मैदान तयार झाले. ते मंदीचे दिवस होते. लक्षावधी लोक बेकार झाले होते, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने त्यांना हाताला काम देण्यासाठी रस्ते, पूल, शाळा, मैदाने बांधण्याची मोठी योजना काढली होती. हे मैदान त्या योजनेतले. सरकारी पैशाने, बेकार मजुरांच्या घामाने ते उभे राहिले. म्हणजे ते साऱ्या जनतेचे झाले, असे आपण म्हणू. परंतु त्यावर विद्यापीठाच्या मुलींचा अधिकृत संघ उतरायला आणखी 44 वर्षे जावी लागली.

या 44 वर्षांत घडले काय? सर्वांत मोठी गोष्ट घडली ती 1972 साली. त्या वर्षीच्या 23 जून रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यातील नववे प्रकरण 'टायटल नाइन' या नावाने प्रसिद्ध आहे. प्रतिनिधिगृहात एडिथ ग्रीन व पॅट्सी मिंक या दोन स्त्रियांनी आणि सिनेटमध्ये बर्च बाय यांनी त्यासाठी खटपट केली. त्याचा आशय असा की, केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यात केवळ स्त्री वा पुरुष म्हणून कोणालाही वगळता येणार नाही. या कलमात 'खेळ' हा शब्दसुद्धा नाही. पुढे 1975 साली जे नियम झाले, त्यांत मात्र तपशील आला: साहित्य, सरावाच्या व सामन्यांच्या वेळा, प्रवासखर्च, प्रशिक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या, मैदाने. आम्हां चळवळीतल्या लोकांना ही यादी वाचून आनंद होतो. समता या मोठ्या शब्दाची खरी परीक्षा अशा बारीकसारीक बाबींतच होते.

तथापि कायदा पुस्तकात आला म्हणून नळाला पाणी येत नाही. येल विद्यापीठातील मुलींच्या वल्हवण्याच्या संघाची कथा प्रसिद्ध आहे. नदीवरच्या नौकागृहात आंघोळीची सोय पुरुषांनाच. पुरुष गरम पाण्याने आंघोळ करीत आणि तोवर मुली थंडीत ओल्या कपड्यांनी बसमध्ये थांबून राहत. 3 मार्च 1976 रोजी 19 मुली क्रीडाविभागाच्या अधिकारी बाईंच्या कचेरीत शिरल्या, त्यांनी अंगातले वरचे कपडे उतरवले, आणि उघड्या पाठीवर व छातीवर लिहिलेले 'टायटल नाइन' हे शब्द दाखवून आपले निवेदन वाचले. ही रीत आपल्याकडे कोणाला रुचणार नाही. पण ती वेळ त्यांच्यावर आणली कोणी, हेही पाहिले पाहिजे. वृत्तपत्रांत बातमी आली आणि लवकरच मुलींसाठी स्नानगृह झाले. कायदा होऊन तोवर जवळजवळ चार वर्षे झाली होती!

चॅपल हिलच्या मुलींनी मार्ग घेतला तो अर्जविनंतीचा. त्या हौशी क्लब म्हणून आपसांत खेळत होत्या. 1979 साली त्यांनी क्रीडासंचालक बिल कोबी यांच्याकडे जाऊन मागणी केली की, आम्हांला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता द्या. कोबींनी पुरुषांच्या संघाचे तरुण प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांना या मुलींचा खेळ पाहायला सांगितले. खेळ पसंत पडला, मान्यता मिळाली, आणि डोरन्स यांच्याकडेच मुलींचाही संघ सोपविण्यात आला. या गृहस्थांनी नंतर जे नाव कमावले, त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांला आठवण करून द्यायची आहे ती त्याआधी दारावर थाप मारणाऱ्या मुलींची. त्या थापेवाचून दार उघडले नसते.

तेव्हा देशात मुलींचे अधिकृत संघच इतके थोडे की, प्रतिस्पर्धी शोधावे लागत. 1981 साली महाविद्यालयीन स्त्रियांच्या क्रीडासंघटनेने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. ती चॅपल हिलने जिंकली. 1982 पासून ही स्पर्धा पुरुषांचे खेळ चालविणाऱ्या 'एनसीएए' या बलाढ्य संस्थेकडे गेली. तीही 1982, 1983 व 1984 साली याच संघाने जिंकली. पुढे 1986 ते 1994 अशी सलग नऊ वर्षे विजेतेपद हलले नाही. 1986 ते 1990 या काळात 103 सामने हा संघ अपराजित राहिला. एप्रिल हाइनरिक्स, मिया हॅम, क्रिस्टीन लिली या जगप्रसिद्ध खेळाडू येथल्याच. स्त्रियांचा पहिला विश्वचषक 1991 साली चीनमध्ये झाला, तेव्हा अंतिम सामन्यात नॉर्वेला 2-1 असे हरवणाऱ्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षक डोरन्सच होते. ऑगस्ट 2024 मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात डेमन नाहास यांच्या हाताखाली संघाने आपले एनसीएएचे बाविसावे विजेतेपद मिळवले.

टाळ्या वाजवाव्यात अशीच ही कामगिरी आहे. पण इतिहास सांगणाऱ्याने टाळ्यांपाशी थांबू नये. तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट कायद्याची. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, ज्या विभागाला सरकारी पैसा मिळतो त्या विभागापुरताच हा कायदा लागू. क्रीडाविभाग बहुतेक ठिकाणी त्यातून सुटला. 1988 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने कायदा पूर्ववत केला. म्हणजे चॅपल हिलचा संघ चषकामागून चषक जिंकत होता, त्यातली चार वर्षे देशभरच्या मुलींचा मैदानावरचा हक्क अधांतरी होता. मिळालेला हक्क राखावा लागतो, हे आम्ही कामगारांनी किती वेळा अनुभवले आहे!

दुसरी गोष्ट संघटनेची. बायकांची स्वतःची क्रीडासंघटना एनसीएएच्या पुढे टिकली नाही. दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. पैसा वाढला, प्रवास वाढला, पण सूत्रे गेली. 1972 साली मुलींच्या महाविद्यालयीन संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. खेळणाऱ्या मुली मात्र तीस हजारांच्या आसपास होत्या त्या दोन लाखांवर गेल्या. कामगार वाढले आणि युनियन मात्र दुसऱ्याच्या हाती गेली, असे आम्ही याला म्हणू.

तिसरी गोष्ट अब्रूची. 1998 साली संघातील दोन माजी खेळाडूंनी प्रशिक्षकाच्या लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याबद्दल याच नवव्या प्रकरणाखाली दावा लावला. प्रशिक्षकांनी आरोप नाकारले. दावा दहा वर्षे चालला आणि 2008 साली अखेरची तडजोड होऊन विद्यापीठाने 3,85,000 डॉलर दिले. आरोप न्यायालयात शाबीत झाले, असे नव्हे. पण मैदान मिळाले म्हणजे सारे मिळाले असेही नव्हे, हे त्या दाव्याने दाखवून दिले. मैदानात मानाने वावरता आले पाहिजे, हा त्याच हक्काचा दुसरा अर्धा भाग आहे.

आता त्या मैदानाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. 2017 साली जुने फेट्झर फील्ड पाडण्यात आले. दोन मोसम संघाने घरचे सामने इतरत्र खेळले, काही शेजारच्या केरी गावी. 2019 साली त्याच जागी सुमारे 4,200 प्रेक्षकांचे नवे क्रीडांगण झाले. तेथे पुरुष व स्त्रिया यांचे फुटबॉल आणि लॅक्रॉस असे चारही संघ एकाच हिरवळीवर खेळतात. ज्या जागी मुलींच्या संघाला उतरायला 44 वर्षे लागली, तेथे आता वेळापत्रक बरोबरीने वाटले जाते. या क्रीडांगणाला डोरन्स यांचे नाव आहे, जुन्याला एका क्रीडासंचालकाचे होते. 1935 साली तेथे काम करणाऱ्या मजुरांचे नाव कोठे नाही. 1979 साली मान्यता मागायला गेलेल्या मुलींचेही नाही. आमची तक्रार नाही. पाट्या अशाच लागतात. परंतु व्याख्यानाला आलेल्या मंडळींनी तरी ती नावे रिकामी आहेत एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या गावातही मैदान आहे. उद्या संध्याकाळी तिकडून जाताना दोन गोष्टी पाहाव्यात: सहा वाजता त्यावर कोण खेळते, आणि मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी, पाण्याचा नळ असलेली खोली आहे की नाही. नसली तर कोणीतरी म्हणेलच की, मुली आहेतच किती? चौदाच ना! त्याला काय उत्तर द्यायचे, ते त्या कारखान्यातल्या बाईने आम्हांला केव्हाच सांगून ठेवले आहे.