तळ्यातला गणपती आणि आंबिल ओढा

पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला जुनी माणसं अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळं मात्र कुठे दिसत नाही. ते गेलं कुठे, हे समजायला आंबिल ओढ्याची गोष्ट माहीत हवी.

कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा पूर्वी पुण्याच्या वस्तीतून वाहत मुठेला मिळायचा. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तो पश्चिमेकडे वळवला. कात्रजला तलाव बांधून नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी हे तळं केलं. थोडक्यात, वाहतं पाणी वळवलं, पण त्याला थांबायला जागाही दिली. पुढे तळं बुजवून बाग झाली. ओढ्याच्या काठावर घरं, सोसायट्या, सीमाभिंती उभ्या राहिल्या आणि पात्र अरुंद झालं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज भागात काही तास धो धो पाऊस कोसळला. उतार मोठा, अंतर थोडं. बघता बघता पाणी अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत घराघरांत शिरलं. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसंही गेली.

१९६१ च्या पानशेत पुरापासून आपण मुठेला घाबरतो. पण खडकवासल्यातून पाणी सोडताना निदान आधी सूचना मिळते. ओढा सांगून येत नाही.

तेव्हा मुलांसाठी घर बघाल, तेव्हा दर आणि मंदिर किती जवळ एवढंच विचारू नका. मागचा नाला पावसाळ्यात कुठवर चढतो, हेही तिथल्या जुन्या बायकांना विचारा.